पंचवीस पॉइंट शून्य एक

भोसरी असो, नाशिकचं सातपूर असो की कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. शॉपमध्ये कुणी ‘व्हर्नियर दे रे’ म्हटलं की हातात जे येतं, त्यावर आता बहुतेक वेळा व्हर्नियर नसतोच. स्टीलची पट्टी, दोन जबडे आणि आकडे दाखवणारी छोटी खिडकी. ज्या सरकत्या उपपट्टीमुळे या साधनाला व्हर्नियर म्हणायला लागले ती उपपट्टी गेली, नाव तेवढं मागे राहिलं. तबकडी जाऊन जमाना झाला तरी आपण फोन ‘फिरवतो’, त्यातलाच हा प्रकार.

नाव जुनं राहिल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण उपपट्टीबरोबर आणखी एक गोष्ट हातातून निसटली आणि तिची फारशी कुणी दखल घेतली नाही. ती म्हणजे शंका.

एक साधा शाफ्ट घेऊ. त्यावर ६२०५ नंबरचं बेअरिंग बसायचं आहे. हे बेअरिंग पंपात, मोटारीत, गिअरबॉक्समध्ये, कुठेही भेटतं. आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. ड्रॉइंगवर बेअरिंगच्या जागेला ‘२५ के-६’ असं लिहिलेलं आहे. तक्ता उघडला तर त्याचा अर्थ निघतो: व्यास २५.००२ ते २५.०१५ च्या दरम्यान हवा. म्हणजे सगळी सूट मिळून १३ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.

टर्नर शेवटचा कट मारतो, कूलंट फडक्यानं पुसतो, जॉब चकमध्येच असताना डिजिटल कॅलिपर लावतो.

‘साहेब, पंचवीस पॉइंट शून्य एक!’

साहेब मान डोलावतात. जॉब ट्रेमध्ये जातो.

आता त्या कॅलिपरच्या डब्यात घडी घालून ठेवलेला कागद कुणी उघडून पाहिला, तर चांगल्या कंपनीच्या १५० मिलिमीटरच्या कॅलिपरवरही अचूकता अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर अशी छापलेली सापडते. खिडकी ०.०१ दाखवते, पण कंपनी स्वतः हमी घेते ती ०.०२ ची. तेव्हा २५.०१ या आकड्याचा प्रामाणिक अर्थ असा की शाफ्ट २४.९९ असू शकतो किंवा २५.०३ सुद्धा. २४.९९ असला तर बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर घसरायला लागते आणि शाफ्ट झिजवते. २५.०३ असला तर ती जबरदस्तीनं ठोकून बसवावी लागते, गोळ्यांचा आतला मोकळेपणा संपतो आणि बेअरिंग तापतं. दोन्ही बाबतीत चार महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि शिव्या खातो तो बेअरिंग बनवणारा.

घड्याळाला सेकंदकाटा आहे म्हणून घड्याळ बरोबर आहे असं कुणी म्हणत नाही. मुलांची शाळा चुकू नये म्हणून घरोघरी पाच मिनिटं पुढे लावून ठेवलेलं घड्याळही सेकंदकाटा अगदी तालात फिरवत असतं. कॅलिपरच्या दुसऱ्या दशांशाच्या बाबतीत मात्र हे साधं व्यवहारज्ञान शॉपच्या दारात चपलांबरोबर बाहेर राहतं.

जुन्या व्हर्नियरची गंमत इथेच आहे. पिएर व्हर्नियर हा फ्रान्श-कोंते प्रांतातला गणिती. १६३१ साली ब्रसेल्समध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं ही युक्ती मांडली, तीही कोन मोजायच्या उपकरणासाठी. त्याच्या आधी पोर्तुगालच्या पेद्रो नुनेश यानं १५४२ मध्ये याच अडचणीवर वेगळा, बराच किचकट तोडगा काढला होता. त्याच्या लॅटिन नावावरून जर्मनीत आजही या उपपट्टीला नोनियस म्हणतात. व्हर्नियरची युक्ती मात्र इतकी सोपी की ती टिकली. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये उपपट्टीचे ५० भाग बसवायचे. एक भाग झाला ०.९८ मिलिमीटरचा. मुख्य भागाहून ०.०२ नं लहान. हाच फरक म्हणजे लीस्ट काउंट, आणि उपपट्टीवरची कितवी रेघ वरच्या रेघेशी जुळते एवढं पाहिलं की माप मिळालं.

यात डोळ्याचा एक गुण कामाला येतो. दोन ठिपके वेगवेगळे ओळखण्यात माणसाचा डोळा जेवढा पटाईत आहे, त्याच्या कितीतरी पट अधिक पटाईत तो एक रेघ दुसरीपासून जरा सरकली आहे का हे ओळखण्यात आहे. दृष्टिविज्ञानात या क्षमतेचं नावच ‘व्हर्नियर ॲक्युइटी’ असं पडलं आहे. तरीही वाचणारा अडखळतो. चौदावी रेघ जुळते की पंधरावी? भिंग लावावं का? जरा उजेडात धरावं का? हे अडखळणं म्हणजे साधन स्वतःच्या तोंडानं सांगत असतं की बाबा, इथवर मी खात्रीनं सांगतो, पुढचं तू बघ. डिजिटल खिडकीनं हे अडखळणं काढून टाकलं. चूक होती तिथेच आहे, फक्त तिला आता चेहरा नाही.

याचा अर्थ जुने कॅलिपर कपाटातून काढून त्यांची पूजा मांडावी असा नव्हे. रात्रपाळीला, पिवळ्या दिव्याखाली, पन्नाशीतल्या माणसाला बारीक रेघा वाचायला लावणं हा शुद्ध छळ आहे. तिरप्या नजरेनं वाचून होणारी चूक आणि अख्खा मिलिमीटर चुकवण्याची चूक, दोन्ही डिजिटलनं संपवल्या. शून्य कुठेही धरता येतं, इंच आणि मिलिमीटर बटणावर बदलतात. आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण हार्डवेअरच्या दुकानात आजही ‘चार सुताचा बोल्ट’ मागितला जातो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. अशा मुलखात ते बटण फार उपयोगाचं. तक्रार यंत्राबद्दल नाहीच. तक्रार आहे ती आकडा दिसला की विचार थांबवण्याच्या सवयीबद्दल.

आणि विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. कॅलिपरच्या रचनेतच एक खोट आहे, ती कुठल्याही बॅटरीनं जात नाही. येनाच्या त्साइस कारखान्यातले भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये एक तत्त्व सांगितलं: जी लांबी मोजायची आणि ज्या पट्टीवर मोजायची, त्या दोन्ही एकाच रेषेत असाव्यात. मायक्रोमीटर हे पाळतो. त्याचा स्क्रू आणि जॉब एका रेषेत असतात. कॅलिपरमध्ये पट्टी वर आणि जॉब खाली जबड्यात. मध्ये दोन-चार सेंटिमीटरचं अंतर. सरकत्या भागात वापरून वापरून थोडी ढिलाई आली की जबडा कणभर कलतो, आणि जॉब जबड्याच्या टोकाशी धरला असेल तर तेवढाच कल मापात उतरतो. म्हणून जाणता फिटर जॉब होईल तितका पट्टीच्या जवळ, जबड्याच्या मुळाशी धरतो. का ते तो कदाचित सांगणार नाही. आबेचं नावही त्यानं ऐकलेलं नसेल. पण धरतो बरोबर.

दाबाचंही तसंच. मायक्रोमीटरला मागे रॅचेट असतं. टक-टक झालं की कळतं, आता पुरे. कॅलिपरमध्ये दाब ठरवतो तो अंगठा. एक जण हलक्या हातानं लावतो, दुसरा नट आवळल्यासारखा. एकाच पातळ ॲल्युमिनियम नळीवर दोघांची मापं वेगळी निघतात आणि दोघंही कॅलिपरकडे बोट दाखवतात.

बारीक भोक मोजताना तर कॅलिपर चक्क खोटं बोलतो, तेही नेहमी एकाच बाजूला. आत घालायच्या वरच्या छोट्या जबड्यांची टोकं धारदार दिसली तरी त्यांना थोडी सपाट रुंदी असते. गोल भोकात सपाट कडा टेकली की ती व्यासावर न टेकता जीवेवर टेकते, आणि माप कमी येतं. समजा भोक बरोबर ५ मिलिमीटर आहे आणि त्या सपाट भागाची एकूण रुंदी अर्धा मिलिमीटर. पायथागोरस लावला तर माप भरेल ४.९७५. पंचवीस मायक्रॉन गायब, आणि साधन नवंकोरं, कॅलिब्रेशनचं स्टिकर लावलेलं.

मग उष्णता. मापांचं जग १९३१ पासून २० अंश सेल्सिअस या तापमानावर ठरलेलं आहे. ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा त्या तापमानाचा. आपल्या शॉपमध्ये मे महिन्यात दुपारी चाळीस अंश. स्टीलचा जॉब आणि स्टीलचा कॅलिपर दोन्ही सारखेच फुगतात, त्यामुळे बरंचसं निभावून जातं. पण जॉब नुकताच लेथवरून उतरलेला असला तर? स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. आपला तो पंचवीसचा शाफ्ट कॅलिपरपेक्षा ४० अंशांनी जास्त गरम असेल, तर तो साडेअकरा मायक्रॉननं जाड भरतो. सगळी सूट किती होती? तेरा. ट्रेमध्ये चहाच्या सुट्टीपर्यंत तो शाफ्ट पडून राहिला, तर कुणीही हात न लावता ‘ओके’चा ‘रिजेक्ट’ होऊ शकतो. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट फुगतं. ते तर निवू दिल्याशिवाय मोजूच नये.

एवढं सगळं असूनही कॅलिपर हे वाईट साधन नाही. उलट त्याच्या योग्य जागी त्याच्याइतकं कामसू साधन दुसरं नाही. ज्या मापांना ड्रॉइंगवर वेगळी सूट दिलेली नसते, त्यांना आयएसओ २७६८ च्या मध्यम वर्गात ६ ते ३० मिलिमीटरसाठी अधिक-उणे ०.२ आणि ३० ते १२० साठी ०.३ एवढी मोकळीक असते. तिथे कॅलिपर लावावा आणि निर्धास्त पुढे जावं. एका साधनानं बाहेरून, आतून, खोलीत आणि पायरीवर, चारही तऱ्हेनं मोजता येतं. १८५१ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या जोसेफ ब्राउन यानं इंचाचा हजारावा भाग वाचणारा कॅलिपर साध्या कारागिराला परवडेल असा बनवला, तोवर शॉपमधला माणूस बिनआकड्यांच्या, चिमट्यासारख्या कॅलिपरनं माप ‘उचलून’ दुसऱ्या जॉबवर ‘नेत’ होता, निव्वळ बोटांना लागणाऱ्या स्पर्शावर. आयटीआयमध्ये आजही आउटसाइड, इनसाइड आणि जेनी कॅलिपर शिकवतात. पोरं त्याला हसतात. हसू नये. हाताला ‘लागलं’ आणि ‘घासलं’ यातला फरक तिथेच कळतो.

बारीक दाखवणाऱ्या यंत्रावर विश्वास आणि साध्या साधनाकडे दुर्लक्ष, याचं सगळ्यात महागडं उदाहरण भोसरीत घडलेलं नाही, ते अवकाशात घडलं. एप्रिल १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीची चित्रं धूसर आली. चौकशी झाली तेव्हा कळलं की २.४ मीटरचा मुख्य आरसा अत्यंत अचूकपणे चुकीच्या आकाराचा घासला गेला होता; कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसलं होतं. तेवढं अंतर साधा कॅलिपरही दाखवतो! ते मोजायच्या दांड्याच्या टोपीवरचा काळा रंग थोडा उडाला होता, आणि लेझरचा किरण दांड्याच्या टोकाऐवजी त्या उघड्या पडलेल्या टोपीवरून परतला. भिंग बसेना, तेव्हा माणसांनी खाली वॉशर घालून ते बसवलं. कुठल्याही शॉपमध्ये ओळखीचा वाटावा असा हा जुगाड. खरी चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. त्याच आरशाच्या दुसऱ्या दोन, कमी अचूक समजल्या जाणाऱ्या चाचण्यांत दोष दिसला होता. त्या चाचण्याच कमी अचूक, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला सारलं गेलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला ‘चष्मा’ लावला, तेव्हा चित्रं स्पष्ट झाली.

आता वळू या वर्गाकडे, कारण सवय तिथे लागते. महाराष्ट्रात अकरावी विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एकदा तरी व्हर्नियर कॅलिपर येतो. त्याला काय शिकवलं जातं? लघुतम माप काढायचं सूत्र, शून्य त्रुटी अधिक की उणे, तक्ता आखायचा, सरासरी काढायची. सगळं गणित. गोळीचा व्यास आधीच्या तुकडीच्या जर्नलमधून माहीत असतो, त्याच्या आजूबाजूची तीन रीडिंगं तक्त्यात ‘बसवली’ जातात. रीडिंगं जितकी सारखी, तितके सर खूश. प्रत्यक्षात पाच वेळा मोजून पाचही वेळा तोच आकडा आला, तर विद्यार्थ्याला शाबासकी देण्याऐवजी त्यानं खरंच मोजलं का, हे विचारायला हवं.

आयटीआयच्या फिटर, टर्नर, मशिनिस्टच्या मुलांचा हात यापेक्षा नक्कीच तयार होतो. पण तिथेही प्रश्न ‘वाचता येतं का’ इथेच थांबतो. ‘या मापाला हे साधन चालेल का’ हा प्रश्न परीक्षेत क्वचितच येतो, आणि नोकरीत तो पहिल्या दिवशी येतो. म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत एक साधा बदल व्हावा. मुलासमोर एक ड्रॉइंग, एक जॉब आणि तीन साधनं ठेवावीत: स्टीलची पट्टी, कॅलिपर, मायक्रोमीटर. कुठलं माप कशानं घेणार आणि का, हे आधी लिहून घ्यावं. मग एकच माप दोन मुलांनी पाच-पाच वेळा घ्यावं आणि सरासरीपुढे ‘अधिक-उणे किती’ हेही लिहावं. गुण त्या ‘अधिक-उणे’ला असावेत. यासाठी नवी खरेदी लागत नाही, नवा शासन निर्णय मात्र बहुधा लागेल.

कारखानदाराचं म्हणणं ठरलेलं असतं: एका शिफ्टला चारशे जॉब काढायचे, प्रत्येकाला मायक्रोमीटर लावत बसू का? नका लावू. तेवढ्यासाठीच गो, नो-गो गेज असतो. एक टोक जावं, दुसरं जाऊ नये. आकडा वाचायचाच नाही, त्यामुळे आकड्याचा मोहही नाही. सूट दहा-बारा मायक्रॉनची असेल तिथे तो घ्यावा, आणि कॅलिपर पायरीच्या लांबीला, चॅम्फरला, कच्च्या मालाला ठेवावा. साधन मापाच्या सुटीपेक्षा दहापट बारीक असावं हा जुना ठोकताळा. दहा नाही तर निदान चारपट तरी. तेरा मायक्रॉनच्या सुटीवर वीस मायक्रॉनची शंका बाळगणारं साधन लावणं म्हणजे फूटपट्टीनं सोनं जोखणं.

कॅलिब्रेशनच्या स्टिकरबद्दलही बोललं पाहिजे, कारण ऑडिटच्या आठवड्यात ते देवाच्या अंगाऱ्यासारखं सगळीकडे लागतं. स्टिकर एवढंच सांगतं की अमुक तारखेला, वीस अंशाच्या थंड खोलीत, स्वच्छ जबड्यांनी हे साधन इतकं इतकं चुकत होतं. काल संध्याकाळी ते बेडवरून खाली पडलं, जबड्याच्या टोकानं कुणी जॉबवर रेघ आखली, फिरत्या जॉबवरच कुणी ते लावलं, हे स्टिकरला ठाऊक नसतं. आणि प्रमाणपत्रावर कुठल्या मापाला किती चूक आहे याचा जो तक्ता असतो, तो फाइलमध्ये राहतो. मशीनपाशी येते ती फक्त पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या कॅलिपरला तर तोही तक्ता नसतो, आणि नामांकित कंपनीचं नाव छापलेले नकली कॅलिपर बाजारात आहेत ते वेगळेच.

रोज सकाळी करायची तपासणी मिनिटभराची आहे. जबडे मऊ कापडानं पुसायचे. बंद करून ट्यूबलाइटसमोर धरायचे. मधून उजेडाची रेघ दिसली तर जबडे झिजलेत किंवा बर आलाय, काही मायक्रॉनची फटही डोळ्याला कळते. खिडकीत शून्य आहे का पाहायचं. पुन्हा उघडून पुन्हा बंद करायचं, पुन्हा शून्य येतं का पाहायचं. मग २५ चा स्लिप गेज एकदा जबड्याच्या मुळाशी आणि एकदा टोकाशी धरून मोजायचा. दोन आकडे वेगळे आले की आबे महाशय शॉपमध्ये हजर.

मोटारीच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांना याच्याही पुढचा एक प्रयोग माहीत असतो. दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकानं तोच जॉब दोन-तीनदा मोजायचा, आधीचं माप न बघता. आणि आकड्यांतला किती फरक जॉबचा आणि किती मोजणाऱ्यांचा, ते काढायचं. फाइलसाठी तो एकदा होतो. पण त्याचं छोटं रूप कुठल्याही दोन लेथच्या शेडमध्ये, कुठलंही सॉफ्टवेअर न घेता करता येतं. तोच पंचवीसचा शाफ्ट, तोच डिजिटल कॅलिपर. तिघांनी एकमेकांना न दाखवता मोजायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहून हेल्मेटमध्ये टाकायचा. चिठ्ठ्या उघडल्या की निघतात २५.०१, २५.०० आणि २५.०३. मग बरोबर कोण यावर आवाज चढतात, एक जण दुसऱ्याचा अंगठा काढतो, दुसरा त्याचा चष्मा. शेवटी कुणाला तरी आठवतं की कपाटात मायक्रोमीटर आहे. त्याची किल्ली क्यूसीच्या साहेबांकडे, आणि साहेब जेवायला गेलेले.